दूध डेअरीला आणि चहा लेकीला

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. सकाळी दवाखाना उघडतो न उघडतो तोच दारात एक टेम्पो येऊन उभा राहिला. मागे गोधडीवर पासष्टीच्या एक आजी झोपवलेल्या. सोबत मुलगा आणि सून. पहाटे आजी धारा काढायला गोठ्यात गेल्या, ओल्या फरशीवर पाय सरकला आणि त्या कुशीवर पडल्या. उंचावरून पडल्या नव्हत्या, गाईने लाथही मारली नव्हती. उभ्या जागी पडल्या, एवढेच. पण उजवा पाय आखूड दिसत होता आणि पाऊल बाहेरच्या बाजूला कलंडले होते. एक्स-रे काढण्यापूर्वीच निदान स्पष्ट होते. खुब्याचे हाड मोडले होते.

हाडांच्या डॉक्टरांच्या नावे चिठ्ठी लिहिताना मी सवयीने विचारले, "आजी, रोज दूध घेता का?"

"घेते की," त्या कण्हतच म्हणाल्या, "चहात."

मुलगा सांगू लागला. घरी चार संकरित गाई. दोन्ही वेळचे मिळून पस्तीस लिटर दूध डेअरीला जाते. घरी अर्धा लिटर ठेवतात, तेही चहापाण्याला आणि आल्यागेल्याला. सुनेला विचारले, तुमची मुलगी काय घेते? म्हणाली, "शाळेत जायच्या आधी चहा-खारी. दूध तिला आवडतच नाय." ज्या घरातून रोज पस्तीस लिटर दूध बाहेर जाते, त्या घरातल्या तिन्ही पिढ्यांच्या बायका दुधाला पारख्या!

वाचकहो, हे एका घराचे चित्र नाही. आपल्या जिल्ह्यात संगमनेरपासून कर्जतपर्यंत कुठल्याही वस्तीवर जा, थोड्याफार फरकाने हेच दिसेल. दुधाच्या पैशावर शिक्षणे झाली, लग्ने झाली, घरांवर स्लॅब पडले. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही. दुष्काळी मुलखाला दुधाने तारले आहे. माझे म्हणणे एवढेच की, घरातल्या बाईच्या आणि मुलीच्या वाट्याचा पेला बाजूला काढून मग कॅन भरावा. हा पेला म्हणजे चैन नव्हे, तो तिच्या हाडांचा हप्ता आहे.

इथे एक कबुलीही दिली पाहिजे. कंबर धरून येणाऱ्या, वाकत चाललेल्या कितीतरी बायकांना मीही वर्षानुवर्षे "वयोमानाने होतेच" असे सांगून दुखण्याची गोळी दिली. आज वाटते, ते उत्तर अपुरे होते. केस पिकतात तशी हाडे मोडलीच पाहिजेत असा काही निसर्गाचा नियम नाही.

हाडांची पतपेढी

हाड म्हणजे वासा किंवा खांब नव्हे. ते जिवंत असते. रोज थोडे जुने हाड झिजवले जाते आणि त्या जागी नवे भरले जाते. शरीरातले ९९ टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. उरलेले एक टक्का रक्तात आणि पेशींत. हृदयाचे ठोके आणि स्नायूंचे आकुंचन त्या एक टक्क्यावर चालते. म्हणून रक्तातले कॅल्शियम शरीर कधी कमी पडू देत नाही. ताटातून आले नाही तर ते हाडांतून काढून घेते. रक्ततपासणीत कॅल्शियम नॉर्मल आले म्हणून हाडे भक्कम आहेत असे समजू नये, ते यासाठीच.

या पतपेढीत भरणा करण्याचे दिवस थोडे असतात. मुलींच्या बाबतीत साधारण अकरा ते पंधरा ही वर्षे सर्वांत मोलाची. आयुष्यभर पुरवायच्या हाडांपैकी सुमारे पाव हिस्सा या काळातल्या दोनच वर्षांत भरला जातो. तिशीच्या सुमारास शिल्लक पुरी होते. त्यानंतर आहे ते सांभाळायचे. पाळी गेली की स्त्रीबीजांडकोशातून येणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक आटते आणि झीज एकदम वाढते. पहिल्या पाच-सात वर्षांत हाडांचा दहावा हिस्सा किंवा त्याहूनही जास्त जाऊ शकतो. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी जाते, आपल्याकडे शेहेचाळीस-सत्तेचाळीसलाच. म्हणजे आपल्या बाईची भरणी कमी आणि उचल लवकर.

या ठिसूळपणाला ऑस्टिओपोरोसिस म्हणतात. तो दुखत नाही, म्हणूनच तो फसवा. हाड मोडेपर्यंत तो कळत नाही. पहिल्यांदा बहुधा मनगट मोडते, मग पाठीचा मणका दबतो आणि शेवटी खुबा. उंची इंच-दीड इंच कमी झाली, पाठीला बाक आला, साडी पूर्वीपेक्षा लांब वाटू लागली, तर तो वयाचा बाक म्हणून सोडून देऊ नये. मणका न कळत दबलेला असण्याचा संभव असतो. आणि खुब्याचे मोडणे साधे नाही. अशा दर पाच रुग्णांपैकी सुमारे एक जण वर्षाच्या आत दगावतो, असा जगभरचा अनुभव आहे. उरलेल्यांतील बरेच जण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. खुबा मोडल्यावर शक्यतो एक-दोन दिवसांत ऑपरेशन करून रुग्णाला उभे करणे हाच मार्ग. झाडपाल्याचा लेप लावून, विटा बांधून आठ-आठ दिवस घरी ठेवलेले रुग्ण अजूनही येतात. तोपर्यंत पाठीला जखमा आणि छातीत कफ झालेला असतो.

ताटात काय हवे?

राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० मध्ये सुचवलेल्या प्रमाणानुसार प्रौढ माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. अंगावर पाजणाऱ्या आणि पाळी गेलेल्या बाईला १२००. आता आपले ताट पाहू.

आपली भिस्त ज्वारी-बाजरीवर. बाजरी खाल्ली की हाडे मजबूत होतात, असा आपल्याकडे ठाम समज आहे. बाजरी उत्तम धान्य आहे, तिच्यात लोह चांगले आहे, पण १०० ग्रॅम बाजरीत कॅल्शियम जेमतेम ३० ते ४० मिलिग्रॅम. तेवढ्याच नाचणीत ३५० च्या आसपास. ही नाचणी कुठून परदेशातून आणायची नाही. आपल्याच अकोले तालुक्यातले महादेव कोळी आणि ठाकर बांधव डोंगरउतारावर पिढ्यानपिढ्या ती पिकवतात, नागली म्हणतात. त्याच तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी २०२० चा पद्मश्री पुरस्कार जाहीर झाला. २०२३ हे भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जगाने पाळले. भाषणे झाली, पाककृतींच्या स्पर्धा झाल्या. आता नगर-पाथर्डीच्या चुलीवर आठवड्यातून चार वेळा नाचणीची भाकरी पडली तर ते वर्ष कारणी लागले म्हणायचे. नुसत्या नाचणीची भाकरी थापायला जमत नसेल तर ज्वारीच्या पिठात निम्मी मिसळावी.

दुसरा खजिना तिळाचा. न सोललेल्या १०० ग्रॅम तिळात हजार मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असते. भोगीला बाजरीच्या भाकरीवर तीळ लावायचे आणि संक्रांतीला तिळगूळ वाटायचा, ही आपली रीत. पण ती वर्षातून दोन दिवसांपुरती का? तिळाची चटणी रोज ताटात दोन चमचे असावी. तीळ कुटलेले असावेत. अख्खे तीळ न चावता गिळले तर बरेचसे तसेच बाहेर पडतात.

तिसरी पालेभाजी. शेवग्याच्या शेंगा आपण आमटीत घालतो आणि पाला शेळीला टाकतो. खरे तर शेळी आपल्यापेक्षा शहाणी! शेवग्याचा कोवळा पाला, मेथी, राजगिरा यांत कॅल्शियम भरपूर असते. पालकात ते दिसायला बरेच असले तरी त्यातील ऑक्झॅलेटमुळे अंगी फार थोडे लागते. म्हणून हाडांसाठी पालकावर विसंबू नये. हुलग्याचे माडगे ज्यांना माहीत आहे त्यांनी ते नव्या पिढीला शिकवावे. माळ नसलेल्यांनी अंडी आणि काट्यासकट खाल्ली जाणारी सुकी बारीक मासळी घ्यावी.

एक साधा हिशोब देतो. दोन पेले दूध, किंवा एक पेला दूध आणि एक वाटी दही, यातून ४५० ते ५०० मिलिग्रॅम. नाचणीची एक भाकरी, १७५. दोन चमचे तिळाची चटणी, १००-१२०. एक मोठी वाटी मेथी किंवा शेवग्याचा पाला, १५०. डाळ, उसळ, इतर भाकरी मिळून शंभराच्या आतबाहेर. झाले हजार. यात औषधाच्या दुकानाची पायरी कुठे चढावी लागली? ज्यांना दूध पचत नाही त्यांनी दही-ताक घ्यावे, पण ताक म्हणजे पांढरे पाणी नव्हे. दह्याचे प्रमाण तेवढेच ठेवून वाटल्यास पाणी घालावे.

हाडाचा सांगाडा कॅल्शियमचा असला तरी त्याची वीण प्रथिनांची असते. तेव्हा वरण-भाकरी, उसळ, शेंगदाणे, अंडी यांना पर्याय नाही. घरात सर्वांत शेवटी जेवणाऱ्या बाईच्या ताटात तळाची पातळ आमटी येते. हे थांबले पाहिजे. माझा एक साधा उपाय आहे. सगळ्यांनी एकत्र जेवायला बसावे. औषधाच्या चिठ्ठीवर हे लिहिता येत नाही म्हणून इथे लिहितो.

दोन गैरसमज जाता जाता. आपल्याकडे मुतखड्याचे रुग्ण पुष्कळ. मुतखडा झाला की दूध बंद करतात. हे बहुतेकदा उलटे होते. जेवणातले कॅल्शियम आतड्यातच ऑक्झॅलेटला धरून ठेवते आणि खडा होण्याचा संभव घटतो. अशा रुग्णाने पाणी भरपूर प्यावे, मीठ कमी करावे आणि दूध आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय सोडू नये. दुसरे, पानाचा चुना पाण्यात घालून पिण्याची टूम. चुन्याने तोंड आणि अन्ननळी भाजू शकते. घरात दूध असताना चुना खाण्याची वेळ का यावी? आणि मिश्री! दात घासण्याच्या नावाखाली बायका दिवसातून चार-चार वेळा तंबाखू तोंडात धरतात. तंबाखू हाडे पोखरते, मग ती विडीतून जावो की मिश्रीतून.

कोवळे नव्हे, वरचे ऊन

आतड्यातून कॅल्शियम रक्तात घ्यायला ड जीवनसत्त्व लागते आणि ते मुख्यतः उन्हाने कातडीत तयार होते. आपल्याकडे उन्हाला काय तोटा, असे कोणी म्हणेल. पण देशभरातल्या तपासण्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता सर्रास आढळते. कारण आपण ऊन टाळतो. शहरात घर, गाडी, ऑफिस. खेड्यात बाई शेतात असली तरी डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, वर लांब बाह्यांचा पुरुषी शर्ट, तोंडाला रुमाल. तिचेही बरोबर आहे, ऊसाच्या पात्याने अंग चिरते.

सकाळचे कोवळे ऊन अंगावर घ्यावे असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. ते सुखाचे असते, पण त्यात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण फार थोडे असतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडते ती वेळ उपयोगाची, म्हणजे ढोबळ मानाने सकाळी दहा-अकरा ते दुपारी दोन. हात, दंड, पाय उघडे ठेवून आठवड्यातून तीन-चार दिवस वीस-तीस मिनिटे पुरेत. चैत्र-वैशाखात मात्र शहाणपण ठेवावे. तेव्हा सावली लवकर आखूड होते, तेवढ्यावर उरकून घ्यावे. उष्माघात ओढवून घेऊ नये. आणि ऊन अंगाला लागले पाहिजे, खिडकीच्या काचेतून आलेले कामाचे नाही.

ड जीवनसत्त्वाच्या साठ हजार युनिटच्या पुड्या-कॅप्सूल मिळतात. त्या बहुधा आठवड्यातून एक, अशा आठ-दहा आठवडे द्यायच्या असतात. गोळी म्हटली की रोज, या समजुतीने कोणी त्या रोज घेतात. कोणी एकदा लिहून दिलेले वर्षभर चालू ठेवतात. हे जीवनसत्त्व शरीरात साठते. अति झाले तर रक्तातले कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. कॅल्शियमच्या गोळ्याही ज्यांचा आहार पुरा पडत नाही त्यांनी घ्याव्यात, एका वेळी ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको, आणि लोहाच्या गोळीबरोबर नको. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून बाळंतपणानंतर सहा महिन्यांपर्यंत रोज दोन गोळ्या द्याव्यात असे सरकारी धोरण २०१४ पासून आहे. पण बाळ झाले की गोळ्या फळीवर जातात. त्या तिने संपवाव्यात. आणि "ताकदीची सलाईन" लावून हाडे मजबूत होत नाहीत, हेही सांगून ठेवतो.

दिवसभर राबते, तिला व्यायाम कशाला?

हा प्रश्न मला नेहमी ऐकावा लागतो, आणि तो चुकीचा नाही. खुरपणाऱ्या, पाणी वाहणाऱ्या बाईला कुठल्या तोंडाने व्यायाम सांगायचा? पण श्रम आणि व्यायाम यांत फरक आहे. खुरपताना बाई तासन् तास एकाच बाजूने वाकलेली असते. त्यात पाठ शिणते, पण तोल सुधारत नाही, मांड्यांत पाठ ताठ ठेवून उठण्याची ताकद येत नाही. आणि ज्या घरात ट्रॅक्टर, मोटारसायकल, मिक्सर आला तिथे तर बायकांचे श्रमही घटले आहेत, आहार मात्र चहा-बिस्किटांचा झाला आहे.

हाडावर भार पडला की हाड वाढते, हा त्याचा स्वभाव. म्हणून लहान मुलींनी उड्या माराव्यात, दोरीवरून, लंगडीत, खो-खोत. नागपंचमीला, मंगळागौरीला झिम्मा-फुगडी होते, ती नुसती करमणूक नव्हती. मुलगी न्हाती झाली की तिचे खेळणे बंद करणारे आईबाप नेमक्या भरणीच्या वर्षांत पतपेढीला कुलूप लावतात.

चाळिशी-पन्नाशीनंतर हे करावे. रोज अर्धा तास झपझप चालणे, बोलता येईल पण गाता येणार नाही अशा वेगाने. ओट्याला किंवा चौकटीला धरून टाचा उचलून चवड्यांवर उभे राहणे, दहा वेळा. तसेच धरून एका पायावर दहा आकडे होईपर्यंत उभे राहणे, मग दुसऱ्या. हाताचा टेकू न घेता खुर्चीवरून उठणे-बसणे, दहा वेळा. भिंतीला तळवे टेकवून हातांनी रेटणे, दहा वेळा. सारे मिळून पंधरा मिनिटे. भाकरीचा तवा तापेपर्यंत त्यातले निम्मे होते. अशा तोलाच्या आणि ताकदीच्या व्यायामाने म्हाताऱ्या माणसांचे पडणे सुमारे एक चतुर्थांशाने कमी होते असे दिसून आले आहे. नुसत्या गोळ्यांनी ते साधत नाही.

मात्र ज्यांचा मणका दबलेला आहे किंवा हाडे ठिसूळ असल्याचे निदान झाले आहे, त्यांनी कमरेतून पुढे झेपावून वाकण्याचे आणि पाठ पिळण्याचे प्रकार करू नयेत. सूर्यनमस्कार तरुणांना उत्तम, अशा आजींना नाही. हंडा उचलायचा झाला तर पाठ सरळ ठेवून गुडघ्यात बसून उचलावा, किंवा सरळ नातवाला हाक मारावी.

पिशवी काढण्याची घाई

आता सर्वांत गंभीर गोष्ट. आपल्या पाथर्डी-शेवगाव-जामखेड पट्ट्यातून आणि शेजारच्या बीडमधून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. १९५० साली प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याने गाळप सुरू केले. साखरेने जिल्ह्याचे रूप पालटले, पण फडातल्या बाईचे नाही. कोयता बंद पडला की खाडा, म्हणून पाळीचा त्रास सहन करण्यापेक्षा पिशवीच काढून टाकण्याचा मार्ग बीडमधल्या हजारो बायकांनी धरला, किंवा त्यांना तो धरायला लावला गेला. २०१९ मध्ये हा विषय विधिमंडळात गाजला आणि सरकारने चौकशीसाठी समिती नेमली. त्यानंतर वर्तमानपत्रांचे रकाने दुसऱ्या विषयांनी भरले.

माझ्याकडे पस्तीस-चाळिशीच्या बायका हाडे दुखतात म्हणून येतात. पोट तपासताना जुन्या टाक्याची खूण दिसते. विचारले की सांगतात, "पिशवी काढली, पाच-सहा वर्षं झाली." पिशवीबरोबर बीजांडकोशही काढले का, हे त्यांना ठाऊक नसते. कागद नसतात. बीजांडकोश काढले असतील तर पन्नाशीला सुरू होणारी झीज तिच्या तिशीतच सुरू झालेली असते. नुसती पिशवी काढली तरी पाळी जाण्याचे वय थोडे अलीकडे येऊ शकते. कर्करोग, न थांबणारा रक्तस्राव, मोठ्या गाठी अशा कारणांनी हे ऑपरेशन जीव वाचवते, त्याला माझा विरोध नाही. पण अंगावरून पांढरे जाते, पाळीत कंबर दुखते, "पुढे कॅन्सर होईल" अशा धाकाने तिशीतल्या बाईची पिशवी काढणे हे वैद्यकाला शोभणारे नाही. हे मी माझ्याच व्यवसायबंधूंना उद्देशून लिहितो.

बायकांना माझी विनंती आहे. ऑपरेशनला हो म्हणण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्या. बीजांडकोश ठेवणार की काढणार, हे तोंडाने विचारा. ऑपरेशनचा कागद घरातल्या सातबाऱ्याबरोबर ठेवा. आणि चाळिशीच्या आत बीजांडकोश निघाले असतील तर हाडांसाठी काय करायचे, हे आजच विचारायला या, खुबा मोडल्यावर नव्हे.

असाच दुसरा छुपा घात सांधेदुखीच्या बेनावी पुड्यांचा. बाजारात, जत्रेत मिळणाऱ्या पुडीने दोन दिवसांत गुडघे थांबतात, तेव्हा समजावे की आत स्टेरॉइड असण्याचा संभव आहे. काही महिन्यांत चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर वाढते आणि हाडे आतून पोकळ होतात. पुरुषही यात सुटत नाहीत. मात्र बरेच दिवस घेतलेली अशी पुडी एकदम बंद करणे धोक्याचे असते, ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी.

पडू नये म्हणून

ठिसूळ हाड बहुधा पडल्यावरच मोडते. म्हणून घर एकदा म्हातारीच्या नजरेने पाहावे. न्हाणीघरात शहाबादी फरशी शेवाळलेली असते, ती घासून तिथे धरायला दांडी बसवावी. रात्री लघवीला उठायच्या वाटेवर छोटा दिवा असावा. उंबरा, गोठ्यातले दावे, अंगणातली पाण्याची नळी या नेहमीच्या पडायच्या जागा. झिजलेली स्लिपर टाकून द्यावी. मोतीबिंदू पिकला असेल तर ऑपरेशन लांबवू नये. रक्तदाबाच्या किंवा झोपेच्या गोळीने उठताना अंधारी येत असेल तर ते सांगावे. पासष्टी ओलांडलेल्या बाईने, किंवा साध्या पडण्याने एकदा हाड मोडलेल्या कोणीही, हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी करून घ्यावी. शिबिरात टाचेला लावायचे यंत्र म्हणजे डेक्सा नव्हे. तेवढ्यावर महागड्या पावडरी विकत घेऊ नयेत. ठिसूळपणा ठरला तर आज चांगली औषधे आहेत, आठवड्याच्या गोळ्या आहेत, वर्षातून एकदा घ्यायचे इंजेक्शन आहे. एकदा हाड मोडून जुळले म्हणजे काम संपले नाही. पुढचे मोडू नये यासाठीच खरे उपचार.

हे सारे गावोगाव कोण सांगणार, असा प्रश्न येईल. उत्तर आपल्याच जिल्ह्यात आहे. १९७० साली डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे जामखेडला आले. त्यांनी गावातल्याच बायकांना, ज्यांत पुष्कळ जणी निरक्षर होत्या, आरोग्याचे शिक्षण दिले आणि त्यांच्याच हातून बाळंतपणे, लसीकरण, पोषण यांची घडी बसवली. या कामासाठी त्यांना १९७९ मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ज्या बाईने शेजारणीला जुलाबात मीठ-साखरेचे पाणी द्यायला शिकवले, तिची लेक-सून आज दुधाचा पेला बाजूला ठेवायला शिकवू शकेल. आशाताई आहेत, अंगणवाडीताई आहेत, बचत गट आहेत. बचत गटाच्या बायका दरमहा पैशांचा हप्ता चुकवत नाहीत, त्यांना हाडांचा हप्ता समजावून सांगायला वेळ लागणार नाही. दूध संस्थांनीही मनावर घ्यावे. संकलन केंद्रावर फॅटच्या दराच्या पाटीशेजारी एक पाटी लावावी, "घरच्या लेकीचा पेला काढला का?"

पाव लिटर दुधाचे डेअरीच्या भावाने होतात दहा रुपयांच्या आत. खुब्याचे ऑपरेशन खासगीत लाखाच्या घरात जाते आणि अंथरुणाला खिळलेल्या आईचा हिशोब तर कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

त्या आजींचे ऑपरेशन वेळेवर झाले. दिवाळीनंतर त्या वॉकर धरून दवाखान्यात आल्या. सोबत सून होती आणि नात होती. मी काही विचारण्याआधीच आजी म्हणाल्या, "डागदर, आता कॅन भरायच्या आधी तीन पेले काढती मी. पोरीला त्यात नागलीचं सत्त्व घालून देती, तोंड वाकडं करती पण पिती." मी नातीकडे पाहिले. तिने खरोखरच तोंड वाकडे केले.

करू द्या. पन्नास वर्षांनी ती पहाटे ताठ चालत गोठ्यात जाईल.